क्रॉनमधून चालवलेली पायथन स्क्रिप्ट फाइल तयार करत नाही, हाताने चालवली की करते

द्राक्षमळा_निफाड
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेत एक रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) बसवलाय, त्याला तापमान, आर्द्रता आणि पानावरचा ओलावा मोजणारे सेन्सर जोडलेत. भाच्याने पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिलीय. दर पंधरा मिनिटांनी ती आकडे घेते आणि त्या दिवसाच्या सीएसव्ही फाइलमध्ये एक ओळ टाकते. भाचा नोकरीला बाहेरगावी आहे, फोनवर सापडेल तेव्हा सापडतो.

अडचण अशी, की स्क्रिप्ट हाताने चालवली की फाइल होते, ओळही पडते. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, टाकली की फाइल नाही आणि एररही नाही. क्रॉन चालतंय हे नक्की, कारण सिस्टिमच्या लॉगमध्ये त्याची नोंद येतेय.

गोडी छाटणी (फळांसाठीची) झालीय, बाग पोंगा अवस्थेत (डोळे फुटताहेत) आहे. पान किती तास ओलं राहिलं यावर डावणी या रोगाची फवारणी घ्यायची की नाही ते ठरतं. आकडे नसले की अंदाजाने औषध मारावं लागतं, आणि औषधाचे भाव तुम्हाला माहीत आहेत. कुणी मार्ग दाखवला तर बरं होईल.

सिडको_लिनक्स
दादा, एरर येतेय, फक्त ती तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. क्रॉन स्क्रिप्टचं सगळं आउटपुट त्या युजरला मेलने पाठवायला बघतं. पायवर मेलची सोय सहसा बसवलेली नसते, म्हणून ते फेकून दिलं जातं. त्याच सिस्टिम लॉगमध्ये ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ अशी ओळ दिसतेय का बघा.

आधी आउटपुट पकडा. क्रॉनटॅबची ओळ अशी करा:

*/१५ * * * * /यूएसआर/बिन/पायथन३ /होम/पाय/हवामान/नोंद.पीवाय >> /होम/पाय/क्रॉन.लॉग २>&१

शेवटचा २>&१ विसरू नका. पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर) एररच्या वाटेने जातो, तो त्याशिवाय लॉगमध्ये उतरत नाही. पंधरा मिनिटं थांबा आणि लॉग इथे टाका.

गंगापूर_रोड
एवढं कशाला? सीएचमॉड -आर ७७७ मारा त्या फोल्डरवर, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, काम होऊन जाईल. लिनक्सवर फाइल होत नाही म्हटलं की दहात नऊ वेळा परमिशनच असते.

ओझर_एव्हिऑनिक्स
भाऊ, अजून एरर समोर आलेली नाही आणि तुम्ही औषध सांगून मोकळे. फाइल तयार न होण्याची कारणं बरीच आहेत आणि लिनक्स प्रत्येकाला वेगळा नंबर देतं. २ म्हणजे वाट सापडली नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. १७ म्हणजे त्या नावाचं आधीच काहीतरी आहे. २८ म्हणजे जागा संपली. ३० म्हणजे फाइल सिस्टिम फक्त वाचता येतेय. नंबर बघू, मग बोलू.

द्राक्षमळा_निफाड
सिडकोवाले दादा, तुम्ही म्हणता ती डिस्कार्डिंगची ओळ लॉगमध्ये खरंच आहे. आता आउटपुट पकडलं, त्यात हे आलं:

फाइलनॉटफाउंडएरर: [एररनो २] नो सच फाइल ऑर डिरेक्टरी: 'नोंदी/२०२५-११-०८.सीएसव्ही'

मला कळत नाही ते हे, की फाइल नाही म्हणून तक्रार का? ती नसणारच. नवीन तयार कर असंच तर स्क्रिप्ट सांगतेय.

ओझर_एव्हिऑनिक्स
प्रश्न अगदी बरोबर आहे, या एररचे शब्द सगळ्यांनाच चकवतात. ओपन() ला डब्ल्यू (नव्याने लिहा) किंवा ए (शेवटी जोडा) मोड दिला की ते वाटेतला शेवटचा तुकडा, म्हणजे फक्त फाइल, तयार करतं. त्याच्या आधीचे फोल्डर ते कधीच तयार करत नाही. म्हणजे तक्रार फाइलबद्दल नाही, ‘नोंदी’ या फोल्डरबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल फोल्डर तर आहे. आहे, पण कुठून बघता यावर. ‘नोंदी/…’ ही वाट स्लॅशने सुरू होत नाही, म्हणून ती ‘मी आत्ता जिथे उभा आहे तिथून’ मोजली जाते. हाताने चालवताना तुम्ही आधी सीडी करून हवामान फोल्डरमध्ये जात असणार. क्रॉन मात्र युजरच्या होममधून सुरू होतं. मग पायथन /होम/पाय/नोंदी शोधतो, आणि तो फोल्डर नाही.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाथलिबमधून पाथ आयात करा आणि हे घाला:

मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट
नोंदी = मूळ / 'नोंदी'
नोंदी.एमकेडिर(पेरेंट्स=ट्रू, एक्झिस्ट_ओके=ट्रू)

आणि ओपनमध्ये ही ‘नोंदी’ वापरा. मग स्क्रिप्ट कुठूनही चालवा, फाइल तिच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये पडेल. फोल्डर नसला तर तयार होईल, असला तर गप्प राहील.

गंगापूर रोडवाले, एररनो २ ला ७७७ ने काहीही झालं नसतं.

कॉलेजरोड_टीवाय
प्रोजेक्टमध्ये मला हीच एररनो २ आली होती, कारण मात्र वेगळं. फाइलच्या नावात तारीख ०८/११/२०२५ अशी टाकली जात होती. लिनक्सला स्लॅश म्हणजे फोल्डरच, त्यामुळे तो ‘०८’ आणि त्यात ‘११’ असे फोल्डर शोधत बसला. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी डॅशने लिहिली की हाही प्रश्न मिटतो आणि एलएसमध्ये फाइली आपोआप क्रमाने लागतात.

मखमलाबाद_नाका
त्यात अजून एक भर. ओपन('~/नोंदी/अ.सीएसव्ही') असं कुणी लिहीत असेल तर लिहू नका. त्या ~ चिन्हाचं होम करून देण्याचं काम शेल, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम, करतं, पायथनचं ओपन करत नाही. एक्सपँडयूजर वापरा नाहीतर पाथ.होम().

द्राक्षमळा_निफाड
ओझरकर, तुम्ही सांगितलं तसं केलं. एररनो २ गेली, पण क्रॉनमध्ये आता दुसरी आली:

परमिशनएरर: [एररनो १३] परमिशन डिनाइड: '/होम/पाय/हवामान/नोंदी/२०२५-११-०८.सीएसव्ही'

हाताने चालवली की आताही बिनतक्रार चालते.

गंगापूर_रोड
बघा, आली ना परमिशन! ७७७.

सिडको_लिनक्स
थांबा. दादा, हाताने चालवता म्हणजे नक्की काय टाइप करता? पूर्ण ओळ जशीच्या तशी लिहा.

द्राक्षमळा_निफाड
भाच्याने पायच्या डबीवर कागद चिकटवून ठेवलाय, त्यावरून बघून करतो:

सीडी हवामान
सुडो पायथन३ नोंद.पीवाय

सिडको_लिनक्स
सापडलं. त्या ‘सुडो’त सगळं आहे. हाताने चालवता तेव्हा स्क्रिप्ट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालते, आणि रूटला कुठेही लिहिता येतं. तुमच्या क्रॉनटॅबमधून ती ‘पाय’ या युजरच्या नावाने चालते. आता हे दोन्ही करून बघा:

एलएस -एलडी /होम/पाय/हवामान/नोंदी
एलएस -एल /होम/पाय/हवामान/नोंदी

द्राक्षमळा_निफाड
फोल्डरचा मालक रूट, गट रूट. लिहायची परवानगी फक्त मालकाला. आतल्या सगळ्या फाइलीही रूटच्याच नावावर.

सिडको_लिनक्स
म्हणजे सातबारा रूटच्या नावावर आणि पेरायला निघालाय पाय. नाव बदलून घ्या:

सुडो सीएचओन -आर पाय:पाय /होम/पाय/हवामान/नोंदी

आणि यापुढे हाताने चालवतानाही सुडो लावू नका. डबीवरचा कागद आजच बदला, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी तो बघून पुन्हा तेच करेल.

भाच्याने सुडो बहुतेक सेन्सरसाठी लावला असणार. त्याची गरज नाही. रास्पबेरी पाय ओएसमध्ये सुरुवातीचा युजर सेन्सरच्या जोडण्या वापरू देणाऱ्या जीपीआयओ आणि आयटूसी या गटांमध्ये असतोच. ‘ग्रुप्स’ टाइप करून खात्री करा.

गंगापूर_रोड
मला खरंच समजून घ्यायचंय. शेतातलं मशीन, वापरणारा एकच माणूस, बाहेरून कुणी येत नाही. अशा ठिकाणी ७७७ केलं तर बिघडलं काय? सुरक्षेचे धडे बँकेच्या सर्व्हरला ठीक आहेत. शेतकऱ्याला आज आकडे हवेत, मालक-गट-इतर शिकायला त्याला वेळ कुठून आणायचा?

ओझर_एव्हिऑनिक्स
वेळेचा मुद्दा मान्य. सुरक्षा घडीभर बाजूला ठेवू. ७७७ ने या माणसाचं कामच होणार नाही, माझं म्हणणं तेवढंच आहे.

नवीन फाइल तयार करायला फोल्डरवर लिहिण्याची आणि आत शिरण्याची अशा दोन परवानग्या लागतात. तयार असलेल्या फाइलमध्ये ओळ वाढवायला मात्र त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते. आता समजा तुम्ही फोल्डर आणि आतलं सगळं ७७७ केलं. क्रॉन रात्रभर बंद होतं, आणि उद्या सकाळी सहाला ते पुन्हा चालू करण्याआधी दादांनी कागदावर बघून सुडोने स्क्रिप्ट चालवली. उद्याची फाइल नव्याने झाली, रूटच्या नावावर, आणि नेहमीच्या युमास्कप्रमाणे (नव्या फाइलच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) इतरांना फक्त वाचण्यापुरती. फोल्डर ७७७ असला तरी आतली नवी फाइल ७७७ होत नाही. सव्वासहाला क्रॉन आलं, त्याच फाइलमध्ये ओळ टाकायला गेलं, एररनो १३. दिवसभर हेच. रात्री बारानंतर नवी तारीख, नवी फाइल, ती पायने तयार केली म्हणून सगळं सुरळीत. मग माणूस म्हणतो, ‘कधी चालतं, कधी चालत नाही.’ अशी अधूनमधून येणारी चूक शोधायला जितका वेळ जातो त्याच्या पाव वेळात मालक-गट-इतर शिकून होतं.

गंगापूर_रोड
हे पटलं. फोल्डर उघडा असला तरी नव्या फाइलला तिचीच परवानगी लागते, हा भाग माझ्या हिशेबात नव्हता. तरी एक सांगतो: दोष परमिशनचा आहे की नाही एवढंच बघायला दोन मिनिटं ७७७ करून परत पूर्ववत करण्यात मला गैर वाटत नाही.

मखमलाबाद_नाका
त्यासाठी त्याहून साधी वाट आहे. पायचा युजर असताना नेमआय -एल आणि पुढे फाइलची पूर्ण वाट द्या. स्लॅशपासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. पुष्कळदा अडथळा शेवटच्या फोल्डरवर नसून मधल्या एखाद्यावर असतो. तिथे आत शिरायची परवानगी नसते, आणि आपण शेवटच्या फोल्डरवर सीएचमॉड मारत बसतो.

सातपूर_मेंटेनन्स
आमच्या शॉपफ्लोअरवर मशीनचे रीडिंग घेणारी अशीच पायथन स्क्रिप्ट आहे. तिला एकदा एररनो २८ आली, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डीएफ -एच केलं तर डिस्क अर्धी रिकामी. सगळे चक्रावले. शेवटी डीएफ -आय केलं तेव्हा आयनोड (फाइलींच्या नोंदीचे खण) शंभर टक्के भरलेले. स्क्रिप्ट दर रीडिंगला एक वेगळी छोटी फाइल करत होती. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. दादांची दिवसाला एक फाइल ही पद्धत चांगली आहे, ती मोडू नका.

उलटाही प्रकार असतो. डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयूने बेरीज केली तर तेवढ्या फाइलीच नाहीत. कुणीतरी मोठा लॉग आरएम केलेला असतो, पण चालू प्रोग्रॅमने तो उघडा धरून ठेवलेला असतो, म्हणून जागा सुटत नाही. एलएसओएफ +एल१ ने असा प्रोग्रॅम सापडतो, तो रीस्टार्ट केला की जागा मोकळी.

पंचवटी_पोथ्या
विषय जवळचा आहे म्हणून लिहिते. आम्ही काही जण जुन्या पोथ्यांची पानं स्कॅन करतो, स्क्रिप्ट त्यांना मराठीत नावं देते. लांब नावांवर एररनो ३६ येते, फाइल नेम टू लाँग. मर्यादा २५५ आहे असं वाचलं होतं, आमची नावं त्याच्या निम्म्यानेही नाहीत. असं का?

ओझर_एव्हिऑनिक्स
ताई, २५५ ही मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘स्त्री’ हा दिसायला एकच जोड आहे, पण स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी धरून अठरा बाइट खातो. फाइलला क्रमांकाचं छोटं नाव द्या, पूर्ण शीर्षक सीएसव्हीत त्या क्रमांकापुढे ठेवा.

पंचवटी_पोथ्या
आता लक्षात आलं. अजून एक कोडं आहे: ‘वऱ्हाडी’ नावाची फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते, तरी स्क्रिप्ट ती नाही म्हणते आणि त्याच नावाची दुसरी तयार करते. शेजारी-शेजारी सारख्या नावाच्या दोन फाइली!

कॉलेजरोड_टीवाय
ताई, हे मला माहितेय. आपल्या ऱ्ह मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकतर तो स्वतःच एक चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सची फाइल सिस्टिम नाव म्हणजे बाइटची रांग एवढंच बघते, म्हणून तिच्या लेखी ती दोन वेगळी नावं. एक कीबोर्ड एक प्रकार देतो, दुसरा दुसरा. नाव वापरण्याआधी युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव) करून घ्या. मग शेतकऱ्यांची, वाऱ्याची, तिसऱ्या, सगळी नावं एकाच रूपात येतील.

पंचवटी_पोथ्या
नॉर्मलाइझ केल्यावर जोड्या जुळल्या! तुमचे आणि ओझरकरांचे मनापासून आभार. या एका अक्षरामुळे किती पोथ्यांचे खंड वेगळे पडले होते, आता सगळी यादी पुन्हा तपासायला घेते.

जेलरोड_सिसॅडमिन
निफाडकर, क्रॉनऐवजी सिस्टिमडीची (लिनक्समधले प्रोग्रॅम सुरू करणारी, सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस आणि टायमर करा असा माझा आग्रह आहे. युनिट फाइलमध्ये यूजर=पाय आणि वर्किंगडिरेक्टरी=/होम/पाय/हवामान या दोन ओळी लिहिल्या की कोण चालवतंय आणि कुठून चालवतंय हे दोन्ही कागदावर येतं. त्या न लिहिल्या तर सिस्टिम सर्व्हिस रूट म्हणून चालते आणि उभी राहते थेट / मध्ये. एरर जर्नलसीटीएल -यू ने दिसते, वेगळा लॉग पकडावा लागत नाही.

मात्र इंटरनेटवरून तयार युनिट फाइल उचलताना बघून घ्या. त्यात प्रोटेक्टहोम=यस असेल तर /होम सर्व्हिसला दिसणारच नाही, प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट असेल तर जवळपास सगळं रीड-ओन्ली होतं आणि लिहायची जागा रीडराइटपाथ्समध्ये सांगावी लागते. प्रायव्हेटटीएमपी असेल तर /टीएमपीत केलेली फाइल बाहेरून सापडत नाही. सगळ्या परवानग्या ठीक असूनही मग फाइल होत नाही.

सिडको_लिनक्स
सिस्टिमडी उत्तमच, पण हंगामाच्या मध्यावर चालू क्रॉन मोडू नये असं मला वाटतं. फळ काढणी झाली की निवांत करा.

द्राक्षमळा_निफाड
मंडळी, सीएचओन केल्यापासून क्रॉनमधून ओळी पडताहेत, दर पंधरा मिनिटाला, न चुकता. कागदही बदलला. काल रात्री पान किती वेळ ओलं होतं ते सकाळी फाइलमध्ये बघून फवारणी ठरवली, फार समाधान वाटलं.

एक नवीन गोष्ट दिसली. परवा लाइट गेली, बऱ्याच वेळाने आली. आल्यानंतरच्या ओळी त्या वेळच्या नाहीत, लाइट गेली तेव्हापासूनच पुढे वेळ लागलीय. बागेत इंटरनेट नाही. फाइल होतेय, पण ओळींवरची वेळ चुकीची.

सातपूर_मेंटेनन्स
पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाची चिप नसते. बंद होताना किंवा मधूनमधून जतन केलेली शेवटची वेळ धरून तो पुन्हा सुरू होतो आणि इंटरनेट मिळालं की वेळ दुरुस्त करतो. इंटरनेटच नाही म्हणून मागेच राहतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. तुमच्यासाठी डीएस३२३१ नावाचं छोटं मॉड्यूल बसवा, ते आयटूसीवर जोडतात आणि नाण्याएवढ्या सेलवर चालतं.

तोवर एक खबरदारी घ्या. स्क्रिप्टमध्ये ओपनचा मोड ए आहे ना ते बघा. डब्ल्यू असेल आणि जुनीच तारीख लागली तर त्या दिवसाची भरलेली फाइल उघडताक्षणी कोरी होते.

द्राक्षमळा_निफाड
मोड ए आहे, बघितलं. मॉड्यूल मेनरोडला चौकशी करून आणतो.

जेलरोड_सिसॅडमिन
लाइट अशी जाते म्हणता तर मेमरी कार्डही सांभाळा. लिहिताना वीज गेली की ईएक्सटी४ बिघडू शकतं, आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) गंभीर दोष दिसला तर पुष्कळदा तो पुढचं नुकसान टाळायला ते रीड-ओन्ली करतो. मग येते एररनो ३०. तेव्हा ना सीएचओन कामाचं ना सीएचमॉड. डीमेसेजमध्ये कारण बघा, कार्ड काढून दुसऱ्या मशीनवर एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती) करा, आणि पुन्हा तसंच झालं तर कार्ड बदला. आठवड्याला सीएसव्हीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेत चला. पेनड्राइव्ह खरंच माउंट झालाय (फोल्डरला जोडला गेलाय) का हे ओएस.पाथ.इजमाउंट ने तपासून मगच कॉपी करा. नाहीतर रिकाम्या माउंटच्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच कार्डवर, प्रती साठत जातात.

सिडको_लिनक्स
मॉड्यूल बसवलं की कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ घाला, जतन केलेली वेळ लावणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक असेल तर काढून टाका, रीबूट करा. मग मोबाइल हॉटस्पॉट देऊन एकदा वेळ बरोबर करून घ्या आणि सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू ने ती चिपमध्ये लिहा. इथे सुडो लागतो, तो चालेल.